सर्व काढा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
संगणक सुरू केला. दाढी केली, आंघोळ केली, चहा घेतला. संगणक अजून सुरू होतच होता.

निर्णय झाला. हा डबा फॅक्टरीतून जसा बाहेर पडला तसा पुन्हा करायचा. मुळाकडे परत! वक्तृत्व मंडळाच्या व्यासपीठावरून इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत आलो? आणि माझ्याच टेबलावर हा धापा टाकणारा, मूळ विसरलेला कॉम्प्युटर?

मुदत आहे. प्रकाशकांना पंचवीस तारखेपर्यंत माझी ‘समग्र भाषणे’ द्यायची आहेत. तीस तारखेला मंडळाच्या सभेत प्रकाशन. सगळी भाषणं या डब्यातच आहेत. कागदावर एक ओळ नाही. मागे कागदाच्या नासाडीविरुद्ध बोललो आणि त्याच आवेशात घरी येऊन सगळी हस्तलिखितं रद्दीत घातली. असा आवेश आता कुठे दिसतो?

४ नोव्हेंबर
हिला निर्णय सांगितला. ही गणिताची शिक्षिका. प्रत्येक गोष्टीत आधी तोटा बघते. म्हणाली, करा काय करायचं ते, पण आधी भाषणं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. स्वतःच्या प्रश्नपत्रिका तिने जेवणाआधी उतरवूनही घेतल्या.

मी म्हणालो, निघण्याआधीच परतीचा रस्ता शोधणारी माणसं इतिहास घडवत नाहीत. ती म्हणाली, इतिहास राहू द्या, भाषणं उतरवा.

उद्या उतरवीन.

५ नोव्हेंबर
उतरवली नाहीत. घरात एकच पेनड्राइव्ह, आणि त्यावर सातवीची चाचणी परीक्षा. माझी भाषणं अपूर्णांकांच्या मांडीला मांडी लावून बसवायची? तत्त्वाचा प्रश्न आहे. नवीन आणीन.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पेनड्राइव्ह आणायला निघालो होतो, पण त्याआधी एक मूलभूत अन्याय लक्षात आला. माझा संगणक माझ्याशी इंग्रजीत बोलतो! मातृभाषेसाठी घसा फोडणाऱ्या माणसाच्या घरात! तत्काळ सगळं मराठीत केलं. त्यात दुपार गेली.

आता काहीच सापडत नाही, पण जे सापडत नाही ते मराठीत सापडत नाही. ‘सेटिंग्ज’चं मराठी ‘सेटिंग्ज’ केलंय. निषेधाचं पत्र लिहिणार.

कीबोर्डवरचा ‘म’ झिजून पार पुसला गेलाय. मातृभाषेतला म, असं मी हिला अभिमानाने दाखवलं. ही म्हणाली, नाही हो, ‘मी’तला.

९ नोव्हेंबर, रविवार
प्रकाशनाच्या दिवशीच्या भाषणाचा बैठकीच्या खोलीत सराव केला. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी ‘दिवा लावणारे हात आहेत का? आहेत! मग हा अंधार कोणाच्या परवानगीने आहे?’ इथे पोचलो तेव्हा पाहिलं, हिचे ओठ हलत होते. इतक्या वर्षांनंतरही भारावते. मंडळाच्या सभेतही पहिल्या रांगेत बसून तिचं हेच होतं. वक्त्याला आणखी काय हवं?

संध्याकाळी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. मराठीतला संगणक बघून खूप वेळ दात काढत बसला. मग म्हणाला, भावजी, मी पुढच्या रविवारी येतो, दोघं मिळून रिसेट करू. मी म्हणालो, रिसेट नाही, पुनःस्थापना. आणि स्वावलंबनावर बोलणारा माणूस हे काम दुसऱ्याकडून करून घेत नाही. तो म्हणाला, मग निदान मराठी तरी बदला, चुकीचं बटण दाबाल. मला! मराठी वाचून चुकीचं बटण!

अशा माणसाच्या हातात लोक तोंड उघडून कसे बसतात?

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी.
ही शाळेत. घर शांत. आज नाही तर कधीच नाही.

पेनड्राइव्ह आणायचा राहिला. पण मला आतून खात्री वाटते आहे.

बरीच दारं उघडून अखेर ते वाक्य सापडलं: ‘हा संगणक मूळ स्थितीत आणा.’ अंगावर काटा आला. जणू माझंच वाक्य.

यंत्राने दोन पर्याय पुढे केले. पहिला, ‘माझ्या फायली ठेवा’. दुसरा, ‘सर्व काढा’.

इथे सामान्य माणूस गोंधळला असता. मी भाषेचा माणूस. ‘ठेवा’ म्हणजे आहेत तिथेच ठेवा, त्याच अडगळीत, त्याच धुळीत. ‘सर्व काढा’ म्हणजे कपाट आवरताना आपण करतो ते. सगळं बाहेर काढायचं, आत फडकं मारायचं, मग नीट लावायचं. आपण बँकेतून पैसे काढतो, पेटीतून स्वेटर काढतो, खिशातून रुमाल काढतो. काढलेली वस्तू हातात येते! हा मराठीचा स्वभाव आहे. हे मेहुण्याला कळायचं नाही.

‘सर्व काढा’ दाबलं.

यंत्राने विचारलं, तुमची खात्री आहे का? मी मोठ्याने हसलो. माझी खात्री नव्हती असा एक प्रसंग दाखवा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
पडदा काळा. मधे आकडा चढतो आहे. पंखा गरगरतो आहे. कपाट रिकामं होत असणार. ही शाळेतून आली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं, भाषणं उतरवलीत ना? मी म्हणालो, यंत्र स्वतःच काढून ठेवतं आहे. ती पर्स घेऊन आत गेली.

१२ नोव्हेंबर
विजय! संगणक इतक्या झटपट सुरू झाला की दाढी अर्धीच झाली होती. पडदा स्वच्छ. निळाशार. मुळाकडे गेलेली प्रत्येक गोष्ट अशीच सुंदर दिसते. यावर एक भाषण होईल.

आता फक्त फायली कुठे काढून ठेवल्यात ते बघायचं. ‘दस्तऐवज’मध्ये नाहीत. ‘डाउनलोड’मध्ये नाहीत. कचरापेटी उघडून पाहिली. रिकामी. म्हणजे फेकलेल्या नाहीत, हे नक्की.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अजून शोधतो आहे. संगणक इतका रिकामा आहे की शोधायला जागाच उरलेली नाही.

हिने मेहुण्याला फोन केला. मी नको म्हणत होतो. तो दवाखाना बंद करून आला, म्हणजे उत्सुकता बघा. मी काय दाबलं ते सांगितलं, आणि ‘काढणे’ या क्रियापदाची मांडणी केली. पैसे, स्वेटर, रुमाल. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, भावजी, मी रोज दात काढतो. आजवर एकही परत लावून दिलेला नाही.



नंतर त्याने कायकाय करून पाहिलं. काही परत आलं नाही. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने दात काढले असते तर बरं झालं असतं.

ही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाली नाही. पर्समधून पेनड्राइव्ह काढला, बघितला, परत ठेवला आणि चेन लावली. मराठीत काढलेली वस्तू परत ठेवताही येते. पण हा मुद्दा मांडायची वेळ नव्हती.

१५ नोव्हेंबर, शनिवार
चूक माझी नाही. चूक भाषांतरकाराची. ‘पुसून टाका’ लिहिता आलं नसतं? ‘नष्ट करा’? पत्र लिहायला बसलो. पहिलं वाक्य जळजळीत झालं. दुसरं सुचलं नाही.

वास्तविक काय बिघडलं? भाषणं माझी. माझ्या डोक्यातून आली. डोकं शाबूत आहे. पुन्हा लिहून काढीन. बघा, ‘लिहून काढीन’! काढणे म्हणजे निर्माण करणे. माझंच बरोबर होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
लिहायला बसलो.
‘मित्रहो,’

१७ नोव्हेंबर
‘मित्रहो!’ असं केलं. उद्गारचिन्हाने बराच फरक पडला.

पुढचं येत नाही. मी बसून बोलणारा माणूस नाही हे कारण आहे. उभा राहिलो. समोर श्रोते नाहीत हेही कारण आहे. आरशासमोर उभा राहिलो. आरशातला माणूस माझ्याकडे अपेक्षेने बघत होता. दोघेही अडलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
नवी युक्ती. हजारो लोकांनी मला ऐकलंय, माझी भाषणं त्यांच्या हृदयात आहेत. ती तिथून गोळा करायची.

मंडळाच्या सचिवांना फोन केला. वाहतूक सुरक्षेवरचं माझं भाषण आठवतं का? म्हणाले, वा! ‘अंधार कोणाच्या परवानगीने आहे?’ आणि चहा उशिरा आला होता. ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याला त्याच्या निरोप समारंभाचं भाषण विचारलं. म्हणाला, ‘अंधार कोणाच्या परवानगीने’. वर म्हणाला, निरोप माझाच होता, तरी अंधार कुठून आला ते तेव्हा कळलं नव्हतं. ग्रंथालयाच्या बाईंना पुस्तकांवरचं विचारलं. तेच वाक्य.

तीन वेगळी भाषणं, आणि तिघांना एकच वाक्य आठवतं. काय ताकद असेल त्या वाक्याची!

२० नोव्हेंबर, गुरुवार
प्रकाशकांचा फोन. किती पानं होतील म्हणून विचारत होते. मी म्हणालो, मजकूर मूळ स्थितीत आणतो आहे. ते फार प्रभावित झाले. म्हणाले, पंचवीसला नाही मिळाला तर मंडळाला कार्यक्रम रद्द करायला सांगतो.

जेवलो नाही. म्हणजे थोडंसं जेवलो. ही बघत होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
चहा झाल्यावर ही संगणकासमोरची खुर्ची माझ्यासाठी ओढून म्हणाली, बसा, मी सांगते, तुम्ही टाइप करा.

मला हसू आलं. पण तिचं मन मोडवेना, म्हणून बसलो.

आणि ही बोलायला लागली. मित्रहो, आपण रोज हा जिना चढतो. रोज. एका दमात, एक शब्द न चुकता. घड्या घालताना बोलावं तसं. मधेच म्हणाली, इथे तुम्ही पाणी पिता, ते लिहू नका. मग म्हणाली, इथे तुम्ही चष्मा काढता. टाळ्या नाही आल्या तर परत घालून पुन्हा काढता.

मी टाइप करत राहिलो. माझं भाषण! जसंच्या तसं! काय ही भक्ती! चार पानं भरली.

म्हणालो, आता दुसरं भाषण घे. ती म्हणाली, झालं की.

मी म्हणालो, हे प्रगतीवरचं झालं. वाहतुकीचं? ती म्हणाली, हेच. ‘जिना’च्या जागी ‘रस्ता’. ग्रंथालयाचं? ‘दिवा’च्या जागी ‘पुस्तक’. निरोप समारंभाचं? हेच, शेवटी ‘शुभेच्छा’.

पंखा फिरत होता. मी ‘म’चं बटण शोधत होतो. का, ते आठवत नाही.

२२ नोव्हेंबर
झोप लागली नाही. सकाळी हिला विचारलं की इतकं कसं पाठ. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, पाठ कसलं, माझंच आहे.

कॉलेजच्या अभ्यासिकेच्या जिन्यातला दिवा म्हणे दोन महिने बंद होता. मुली अंधारात पडायच्या. एक दिवस ही त्या जिन्यातच उभी राहिली आणि प्राचार्यांना सगळ्यांसमोर बोलली. मी खालच्या पायरीवर होतो. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालो, फार छान बोललात, मला लिहून द्याल का? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे.

मला स्पर्धा आठवते. ढाल आठवते. जिना आठवतो, कारण तिथे ही पहिल्यांदा दिसली. बाकीचं अंधुक आहे.

एक शंका विचारली. ‘दिवा लावणारे हात’ म्हणजे मी नेहमी तरुण पिढी असा अर्थ सांगतो. तिच्या मनात कोण होतं? ती म्हणाली, वायरमन.

२३ नोव्हेंबर, रविवार
शांतपणे विचार केला. ‘मित्रहो’नंतरचं उद्गारचिन्ह निर्विवाद माझं आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
प्रकाशकांना चार पानं दिली. त्यांनी मागची बाजू उलटून पाहिली. म्हणाले, पुस्तक होणार नाही, घडीची पत्रिका होईल. मी म्हणालो, सार काढलं आहे. ते म्हणाले, काढलंय खरं.

लेखक कोण लिहू, असं विचारलं. मी फार वेळ घेतला असावा, कारण त्यांनी तेवढ्यात एक फोन घेऊन संपवला. हिचं नाव सांगितलं. मग घाईने म्हणालो, सादरकर्ता म्हणून माझंही घाला. थोडं मोठ्या टाइपात.

३० नोव्हेंबर, रविवार
सभा. हॉल भरलेला. मेहुणाही आला होता, तोंड मिटून. सचिवांनी हिला लेखिका म्हणून व्यासपीठावर बोलावलं. ही म्हणाली, नको, मी पुढेच बसते, त्यांना सवय आहे.

उभा राहिलो. ‘मित्रहो!’ दणक्यात गेलं. आणि पुढे काही नाही. पाणी प्यायलो. चष्मा काढला, घातला, काढला.

चष्म्याशिवाय दिसत नव्हतं म्हणून परत घातला. पहिल्या रांगेत हिचे ओठ हलत होते. आपण. रोज. हा. जिना.

बघत बघत बोललो. शेवटपर्यंत. इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

उद्यापासून नवं भाषण लिहायला घेणार. ठाम निर्णय. ही कधी मोकळी असते ते विचारलं पाहिजे.