नऊ फुटांच्या खोलीसाठी लेन्स

सौंसर
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय मोतीराम,

सप्रेम जयभीम.

वर 'प्रिय' वाचून दचकू नकोस. आजवर मी 'मोतीरामजी यांस' असं लिहीत आले, पण आज इतकी वैतागले आहे की मान द्यायला हात वळत नाही. पांढुर्ण्याच्या शाळेत आपण अरे-तुरेच करत होतो. तू नागपूरला कॅमेरे दुरुस्त करायला लागलास तेव्हापासून हा 'जी' मध्ये कुठून घुसला, कोण जाणे. तर ऐक. तू पाठवलेली दुसरी लेन्सही बिनकामाची निघाली, आणि मला रविवारपर्यंत चालणारी लेन्स पाहिजे. रविवारचं कारण पुढे लिहिते, आधी माझा राग वाच.

माझी खोली तुला ठाऊक आहे. बसस्टँडमागची, बाबांच्या वेळची, लांबी नऊ फूट. मागे पडदा, पडद्यापुढे मुलगी, तिच्यापुढे मी आणि माझ्या पाठीला भिंत. बाबांच्या झोर्की कॅमेऱ्यावर जी पन्नास एमएमची लेन्स आहे, तिच्यात एवढ्या जागेत मुलगी गुडघ्यापर्यंतच मावते. मुलाकडच्यांना तर फोटो उभा हवा, पायाच्या बोटांसकट. पोरगी लंगडते की काय, हे त्यांना पाकिटातच बघून घ्यायचं असतं. त्यासाठी मला कॅमेरा घेऊन दाराबाहेर, नालीपलीकडे उभं राहावं लागतं. दार सताड उघडं, रस्त्यावर संत्र्याच्या पेट्या चढवणारे हमाल काम सोडून बघत उभे, आणि आत नवं पातळ नेसलेली पोरगी काही केल्या मान वर करत नाही. 'फक्त महिलांसाठी' ही पाटी मी त्यासाठी लावली होती का? बाबांच्या मागे हा धंदा मी चालू ठेवला तो पोरींना दार लावून, मोकळेपणाने फोटो काढता यावा म्हणून. वाइड लेन्स मी हौसेनं मागितली नव्हती.

आकडा जितका लहान तितकं चित्रात जास्त मावतं, म्हणून पस्तीसची घ्यायची की अठ्ठावीसची, यावर आपण तीन पत्रं खर्ची घातली. लेन्स फिरवून बसवायच्या आट्यांचं माप कळव म्हणालास, तर मी कॅमेऱ्याच्या तोंडाच्या कड्याला काजळ लावून त्याचा ठसा कागदावर उमटवला आणि नागपूरच्या बसवरच्या भैय्याजी कंडक्टरच्या हाती पाठवला. आईनं तो पाहिला आणि विचारलं, "हे का आता बांगडीचं माप पाठवून राहिली का वं?" आठवड्यानं सदतीसची लेन्स आली. आटे असे गोल गोल फिरून बसले की मला भरून आलं. त्या दिवशी दार लावून मी चार पोरींचे फोटो काढले. या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाही, बाजूच्या खिडकीतून बघावं लागतं. त्यामुळे लेन्सनं काय घोळ घातला ते रोल धुतल्यावरच कळतं. रोल धुतला. चारही पोरी धुक्यात उभ्या. तू लिहिलंस, ती आरशाच्या कॅमेऱ्याची, ज्यात लेन्समधूनच बघतात त्याची लेन्स होती, आटे सारखे असले तरी तिला फिल्मपासून जास्त अंतर लागतं, चुकून आली, माफ कर. मी माफ केलं.

मग आली अठ्ठावीसची. ही बसलीही आणि चित्रही रेखीव आलं, पण तिचं तोंड इतकं बारीक की उजेड आत शिरायलाच तयार नाही. दोन बल्ब लावून, श्वास धरून उभं राहा म्हणून पोरीला दटावावं लागलं. त्यात वच्छलाचा फोटो. खोलीतच अख्खी मावली, बोटांसकट मावली, पण डोकं वरच्या कडेला गेलं आणि असं ताणलं की तिची माय अंबाबाई फोटो घेऊन दारात उभी. "माह्या पोरीचं डोकं भोपळ्यावानी काऊन दिसून राहिलं वं बाई? असा फोटो पाठवू का म्या सोयऱ्याइले?" वच्छलाला पुन्हा नवं पातळ नेसवलं, पुन्हा दार उघडलं, पुन्हा नालीपलीकडे गेले. पोरगी रडली, मोतीराम. तोंड धुऊन परत उभी राहिली, पण डोळे फोटोत तसेच आले.

रात्रभर चिडत राहिले आणि सकाळी तुझी जुनी पत्रं काढली. सगळी ठेवली आहेत, हेही सांगून टाकते. गेल्या वर्षीच्या एप्रिलमधलं पत्र निघालं. त्यात तुझ्याच अक्षरात आहे: आटे जमले म्हणून फसू नकोस, आरशाच्या कॅमेऱ्याची लेन्स याला बसते पण चित्र कधीच धड येत नाही. आणि खाली: छोट्या खोलीत पस्तीसच बरी, अठ्ठावीसमध्ये माणसं ताणली जातात. म्हणजे तुला सगळं आधीपासून ठाऊक होतं. हा कॅमेरा तू आमच्या ओट्यावर बाबांच्या धोतराच्या फडक्यावर खोलून पुसला आहेस. तुला माझ्या काजळाच्या ठशाची गरजच काय होती? तो ठसा तरी परत पाठवलास का? चुकीच्या लेन्सबरोबर मात्र दर वेळी चार-चार पानी पत्र आलं, रोल कसा आला ते सविस्तर कळव म्हणून. बरोबर लेन्स आली की पत्रं थांबतील, अशी भीती होती ना?

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय जुनीच. बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आला होतास, मी तुला बसपर्यंत सोडायला आले, तेव्हा तू म्हणालास, "चंद्रकला, मी का म्हणून राहिलो होतो..." आणि बसचा हॉर्न वाजला नि तू चढलास. त्याला दीड वर्ष झालं. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेला पांढुर्ण्याला आलास, सावरगावच्या तुझ्या आत्याकडेही जाऊन आलास म्हणे. सौंसरची बस तेवढी तुला दिसली नाही.

पण मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? नागपूर इथून दोन-अडीच तासांवर. सकाळी निघून, तुझ्या दुकानात चार लेन्स लावून बघून, संध्याकाळी परत येता आलं असतं. मी गेले नाही. मीही पत्रंच लिहीत बसले, मापं आणि आकडे. आपल्या या लपाछपीत वच्छलाला दुसऱ्यांदा, तेही रस्त्यासमोर, उभं राहावं लागलं, याची मला लाज वाटते. तुलाही वाटायला पाहिजे.

आता रविवारचं. मुलताईहून मला स्थळ आलं आहे. मुलगा बिजली ऑफिसात आहे, माणसं चांगली आहेत, विहाराच्या कामात पुढे असतात. त्यांना माझा उभा फोटो पाहिजे. अख्ख्या तालुक्याच्या पोरींचे फोटो काढणारीचा स्वतःचा एकही फोटो नाही, हे ऐकून आईला हसू आलं, मला आलं नाही. सोमवारी फोटो टपालात टाकायचा असं तिनं ठरवलं आहे आणि आता मी तिला आणखी थांबवू शकत नाही, कारण थांबायचं कशासाठी, या तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ सांगण्यासारखं उत्तर नाही. ते उत्तर तुझ्याजवळ आहे. म्हणून हे पत्र, लेन्सचं निमित्त करून नाही, लेन्स बाजूला ठेवून. रविवारी भैय्याजीच्या हाती पस्तीसची लेन्स आली, तर मी ती बसवीन, दार लावीन, आईला बटण कुठे दाबायचं ते दाखवीन आणि फोटो मुलताईला जाईल. तो चांगला येईल, तुझी लेन्स या वेळी बरोबर असेल याची मला खात्री आहे. आणि पहिल्या बसनं तू स्वतः आलास, आईसमोर बसून त्या दिवशीचं अर्धं वाक्य पुरं केलंस, तर लेन्स विसरून आलास तरी चालेल.

तुझीच,
चंद्रकला