लाल दिव्यावरची पट्टी

बाबा,

गॅरेजवाल्या काकांना आपल्या गाडीसाठी जुनं इंजिन सापडलंय. भंगारवाल्याकडे मागून ठोकलेली तसलीच गाडी आलीय. इंजिन उतरवायच्या आधी ते चालू करून आवाज ऐकायचा, म्हणून मी काकांबरोबर चाललेय. तुम्हाला विचारलं नाही, कारण पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी बोलतच नाही. गुरुवारी आईला तपासणीला न्यायचंय, त्याआधी गाडी चालू व्हायला हवी. तिला अकराची गोळी आठवणीने द्या.

इंजिन मी जाम केलं, हे तुम्ही मामापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगितलंत. इंजिनातलं तेल संपल्यावर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, तो हिला दिसला नाही, असं चारचौघांत म्हणालात. मलाही वाटायला लागलं होतं की माझंच लक्ष नव्हतं.

काल काकांनी तो दिवा मला दाखवला. त्याच्यावर काळी चिकटपट्टी होती. उगाच लुकलुकतो म्हणून लावली असणार. तुमच्या चष्म्याच्या काडीला आहे ना, तीच.

ही चिठ्ठी फ्रीजला त्याच पट्टीने लावलीय. आईला मी काही बोललेले नाही. ती उठायच्या आत काढून घ्या.