दुसरी फ्लॉपी घाला

प्रिय धाकटोबा,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आईच्या डोळ्यांचं मात्र डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिने ते फारसं मनावर घेतलेलं नाही. तिचा हट्ट एकच आहे, तुझी ईमेल तिची तिला वाचता आली पाहिजे, मधे मी नको. जन्मभर टायपिस्ट होते, कीबोर्डकडे कधी बघितलं होतं का, असं तिचं म्हणणं.

म्हणून आमच्या ऑफिसने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला आणि त्याच्या पाठीला बोलका डबा जोडला. पडद्यावर जे उमटेल ते हा डबा सपाट आवाजात वाचतो. पण कॉम्प्युटर इतका जुना की त्यात सीडी घालायची सोयच नाही, फक्त फ्लॉपी. म्हणजे सिस्टिम चढवायची ती फ्लॉपीवरून, आणि तीही पहिल्या क्षणापासून बोलणारी, कारण चढवणार आईच. उद्या बिघडलं तर तू ऑफिसातून यायची वाट बघत बसू का, मला म्हणाली. तशी तयार फ्लॉपी कुठे मिळेना, तेव्हा मीच करायला घेतली.

फ्लॉपीत दीड एमबीसुद्धा जागा नसते. मशीन सुरू करून बोलतं करणारं सगळं पहिल्या फ्लॉपीत दाबून, आवळून भरायचं, उरलेली सिस्टिम दुसरीवर. मशीन सुरू झालं की ते मेमरीत उलगडतं. डब्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, घातला आणि बाकीचं मावेना. मग काढाकाढी सुरू केली. प्रिंटर काढला, माउस काढला, चित्रांचं सगळं काढलं. तरी उतू जात होतं, म्हणून आणखी काहीबाही उडवलं, तेव्हा कुठे बसलं. आईने बटण दाबलं. डबा खरखरला आणि म्हणाला, दुसरी फ्लॉपी घाला. आईने घातली. डबा म्हणाला, फ्लॉपी सापडत नाही.

पुढचा आठवडा मी फ्लॉप्या बदलण्यात घालवला. केबल बदलली, ड्राइव्ह कापसाने पुसला, दुकानदाराला चार शब्द सुनावून आले. मग लक्षात आलं, दुसऱ्या फ्लॉपीच्या वेळी ड्राइव्हचा दिवा लागतच नाही. तिला कोणी वाचायलाच जात नव्हतं. पहिली फ्लॉपी मशीन स्वतःच्या अकलेने वाचतं, दुसरी वाचायचं काम सिस्टिमचं, आणि जागा करायच्या नादात फ्लॉपी वाचायचा ड्रायव्हरच मी उडवला होता. बसले त्याच फांदीवर कुऱ्हाड! आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ड्रायव्हर परत घातला आणि त्याच्या बदल्यात परक्या भाषांच्या कीबोर्डांची सोय काढली.

रविवारी आईने मला स्वयंपाकघरात पिटाळलं आणि एकटीने सिस्टिम चढवली. मग तुझी ईमेल लावली. डब्याने वाचलं, मी बरा आहे, काम खूप आहे, औषधं वेळेवर घे. आणि गप्प झाला. आईने तीच ईमेल पुन्हा एकदा लावली. मग मला हाक मारून म्हणाली, अगं, तुझ्या त्या काढाकाढीत ह्याच्या पत्राचं शेपूटही कापलं गेलंय, बघ जरा.

धाकट्या, तुझी पत्रं एवढीच असतात. तिच्या खोकल्याची चौकशी, तिने विणलेला स्वेटर अजून घालतोस ते, सुट्टी मिळाली की येतो, ही सगळी पदरची भर मी वाचताना घालत आले. डबा भर घालत नाही. मला तिच्याकडे बघवेना, आणि तुझा रागही आला. मी म्हटलं, हो, फ्लॉपीतच चूक आहे, दुरुस्त करते. घरचं ईमेल खातं एकच, ईमेल केली असती तर डब्याने तीही तिला वाचून दाखवली असती, म्हणून हे टपालाने. येत्या रविवारी मी थोडी खुडबुड केल्यासारखं करीन आणि झालं दुरुस्त म्हणून सांगीन. त्याच्या आत तुझं पूर्ण पत्र ईमेलने येऊ दे.

तुझीच, अजून तरी,
ताई