मिठागरावरचे दोर

९ मे १९७८

जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी फोनवर बजावलं – मिठागराच्या विहिरीबद्दल एक ओळही लेखी पाठवायची नाही. म्हणून इथे लिहिते. कुठेतरी लिहिलंच पाहिजे!

सकाळी मिठागरावरून रखमाबाईला झोळीत घालून दवाखान्यात आणलं. नाडी लागेना. सलाइन लावेपर्यंत गेली. कॉलराच. सून द्वारका भिंतीला टेकून उभी, डोळे कोरडे. तिची दोन्ही पोरं खाटेवर. सगळी वस्ती त्या एकाच विहिरीचं पाणी पिते.

संध्याकाळी मिठागरावर गेले. केंद्र सरकारच्या मीठ खात्याचे निरीक्षक सभ्य माणूस, खुर्ची दिली. "मॅडम, जमीन केंद्राची, विहीर केंद्राची. वर तार केली आहे. परवानगी आली की मी स्वतः विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो." तोवर? – तोवर त्यांनी चहा मागवला. "कुठल्या पाण्याचा?" विचारलं.

१० मे

तहसीलदार म्हणाले, "बाई, आपण राज्याचे. त्यांच्या हद्दीत कुलूप ठोकलं तर उत्तर कोण देणार?" साहेब म्हणाले, "कॉलरा म्हणू नका, गॅस्ट्रो म्हणा."

एक दिल्लीला भितो, दुसरा मुंबईला. मधे माणसं ओकताहेत. आणखी पाच आले. झोप नाही.

११ मे

पुन्हा विहिरीवर गेले. नुसतीच उभी राहिले. रहाट नाही, कप्पी नाही. जी ती बाई आपला दोर आणि पोहरा घेऊन येते, पाणी काढते, दोर घेऊन घरी जाते.

विहीर केंद्राची. दोर?

कंपाउंडर प्लासिडला घेऊन घरोघर फिरले आणि दोर गोळा केले. "डॉक्टरबाय, दोरचोर म्हणून आत गेलो तर माझ्या घरी तुम्ही सांगा हां!" म्हणाला. निरीक्षक ओट्यावरून बघत होते. मग आत गेले आणि दार लावून घेतलं. भला माणूस.

द्वारकाने दोर माझ्या पायावर फेकला. "पानी तोडलंस. आता मीठ चाटू काय?"

टँकर बांधापर्यंत येईल असं तहसीलदारांकडून कबूल करून घेतलं आहे. बांधापलीकडे नाही – हद्द!

१२ मे

टँकर आलाच नाही! बायका हंडे घेऊन दुपारपर्यंत उन्हात. द्वारका दवाखान्याच्या पायरीवर येऊन ओरडली – "सासू नेलीस, आता पोरं तहानेनं मारतेस? दे माझा दोर!" दिला नाही. आवाज चढवून नाही म्हटलं.

शेवटी पापडी गावच्या ऑगस्टीनने आपल्या वाडीतल्या विहिरीचं पाणी पिंपांत भरून बैलगाडीने पाठवलं. पावडर घालून मीच वाटलं.

१३ मे

टँकर आला. उशिरा. आला.

१५ मे

कालपासून आज दुपारपर्यंत नवं कोणी आलं नव्हतं. द्वारकाची पोरं उठून बसली, पेज मागताहेत.

तिसऱ्या प्रहरी द्वारका शेजारणीला दंडाला धरून ओढत घेऊन आली. "हिनं एक दोर लपवला होता. चोरून पानी काढलं. आता बघ हिचं पोट!" शेजारीण कळवळत होती, हिचं तोंड चालूच – "टँकरचं पानी कडू लागतं म्हने राणीसरकारला!" सलाइन लावली. वाचेल.

१६ मे

बदली. अधिकाराबाहेर वर्तन. मला वाटलं, केंद्राकडून तक्रार गेली असणार. नाही – आमच्याच साहेबांनी केली!

नवे डॉक्टर उद्या येतात. फोनवर म्हणाले, "आल्या आल्या त्या बायांचे दोर परत करतो. उगाच बोंब नको."

विहिरीत अजून चिमूटभर पावडर पडलेली नाही. परवानगी आलेली नाही. आणि हे दोर परत करणार! दिवसभर येरझारा घातल्या. जेवले नाही.

१७ मे

नव्या डॉक्टरांना चार्ज दिला – औषधांचं कपाट, लशींचे थर्मास, किल्ल्या. सही घेतली.

दोर त्यात नाहीत. सगळ्या वस्तीचे दोर सकाळीच द्वारकाच्या ताब्यात दिले. स्वतःचासुद्धा तिने वेगळा काढला नाही. सगळे गोणीत कोंबले, तोंड आवळून बांधलं आणि गोणीवर बसली. "आता मागून बघू दे कुनाला."