मीरीमच्या छातीवर बसलेली लाथ

प्रिय बर्मेत वन्सं,

फोनवर तुम्ही आधी रडता आणि मग मी चिडते, म्हणून लिहिते आहे. खरं तर गेली सात वर्षं मी चिडलेलीच आहे. मीरीम चाळीस दिवसांची होती. सासूबाईंनी चहाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बर्मेतची कूस रिकामी आहे, तुला अजून होतील." झालं! ना मला विचारलं, ना कुठे कागद केला. आपल्या किरगिझांत मूल नसलेल्या नातलगाला पोर असंच देतात, हे मलाही ठाऊक होतं. पण जन्म देणारी 'मामी' होते, हा कुठला न्याय, वन्सं? तिचे दात पडले तुमच्या घरी, अक्षरं गिरवली तुमच्या मांडीवर. माझ्या वाट्याला उन्हाळ्यातले वीस दिवस, तेही तुमच्या सूचनांसकट: "वाऱ्यात बसवू नकोस, घोडीच्या दुधाचा तो आंबट कुमीस जास्त पाजू नकोस."

यंदा कुरणावर ठरवलं, हिला माझी करायचीच. मी घोडीची धार काढायची, तिने शिंगरू धरायचं, आई-लेकी करतात तसं. "मामी, घट्ट धरलंय गं!" म्हणेपर्यंत शिंगरू निसटलं आणि घोडी उसळली. लाथ बरोबर छातीच्या मध्यावर. पोर थोड्या वेळाने उठून बसली. रक्त नाही, वळ नाही. शेजारचे बोलट आजोबा म्हणाले, "किरगिझांची पोर ना तू? घोडीने पापा घेतलाय तुझा!" सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी ती म्हणाली, "मामी, आत काहीतरी फडफडतंय. आईला बोलव ना." वन्सं, त्या फडफडण्याने मी हलले नाही. त्या 'आई'ने हलले. तुम्हाला कळवलं असतं तर दुसऱ्याच दिवशी येऊन तिला नेलं असतं, पुन्हा कधी पाठवलं नसतं. मुक्या मारावरचा आपला जुना उपाय म्हणून मी तिला मेंढीच्या ताज्या कातड्यात गुंडाळलं, गरम रस्सा पाजला आणि दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी तिचे ओठ निळे पडले, तेव्हा तिला बिश्केकच्या इस्पितळात आणलं. तुम्हाला मात्र सांगितलं, जरा पडलीय, बरी आहे.

इथल्या डॉक्टरीणबाई माझ्यावर कडाडल्या, "बरगडी शाबूत आहे म्हणून निश्चिंत राहिलात? मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. त्या मोडत नाहीत, वाकतात, आणि मार थेट हृदयाला बसतो!" हृदयातली एक झडप फाटली आहे. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. त्यांनी आईची सही मागितली. सरकारदरबारी आई मीच, म्हणून सही केली. त्या एका शब्दासाठी सात वर्षं जळले, आणि तो मिळाला तो ऑपरेशनच्या कागदावर.

ती झोपेतही तुम्हालाच हाका मारते. मला ते आजही सोसत नाही, खोटं कशाला बोलू? पण घाबरलं की नाडी सैरावैरा धावते तिची, आणि ती माझ्या हाताने शांत होत नाही. हे पत्र आणणारा माझा भाऊ गाडी घेऊन दारात थांबेल. अंगावरच्या कपड्यांनिशी बसा. मला काय बोलायचं ते बोला, पण तिला आत नेल्यावर. तोवर तिचा हात तुम्ही धरा. मी बाहेर व्हरांड्यात उभी असेन.

तुमचीच, तुमच्यावर जळणारी,
कुंदुझ