भाग सहाशे अकरा आणि धाकट्याचं वाक्य

मी, सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार दुकानाच्याच वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला आहे की माझं डोकं ठिकाणावर आहे. ते आहेच. फक्त त्यातल्या काही गोष्टी एकमेकींच्या जागी जाऊन बसल्या आहेत आणि त्या नेमक्या कोणत्या, ते मला सांगता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या, हे वाक्य काढून टाका, उद्या कोणी आक्षेप घेईल. मी काढणार नाही. ज्याला आक्षेप घ्यायचा त्याने घ्यावा.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात असं लिहिलं होतं की माझ्या धाकट्या भावाला या घरातला एक खिळाही मिळू नये. खिळा हा शब्द मी विचार करून घातला होता, कारण माझ्या दुकानात खिळ्यांचे डबेच डबे आहेत.

कलम २. बँकेत जे काही असेल ते, कपाटं, भांडीकुंडी आणि टीव्ही माझ्या पत्नीला मिळावा. टीव्ही तिला फारसा लागत नाही. ती कुठलीही मालिका एकदाच बघते आणि संपली की विषय संपला. दुसऱ्यांदा बघणं म्हणजे चघळलेलं परत चघळणं, असं तिचं म्हणणं. चाळीस वर्षांच्या संसारात आमचे जे मोठे मतभेद झाले त्यांत हा एक आहे आणि तो मिटलेला नाही.

कलम ३. मोठी कात्री, वाकड्या सुया, पट्टे ताणायचा चिमटा, लाकडी हातोडा, हवेवर चालणारा स्टेपलर आणि मागच्या भिंतीला लावून ठेवलेले कापडाचे सगळे गठ्ठे माझ्याकडे अठरा वर्षं खोळी शिवणाऱ्या बाईंना मिळावेत. त्यांच्या हाताचा टाका उसवलेला मी पाहिला नाही. त्या मालिकेचा शेवटचा भाग आधी बघतात आणि मग पहिल्यापासून सुरुवात करतात. कोण वाचणार हे कळलं की जीव थाऱ्यावर राहतो आणि मग माणसं नीट बघता येतात, असं त्या सांगतात. पूर्वी मी त्यांना हसायचो. आता हसत नाही.

कलम ४. इथे घराचं कलम यायला हवं. ते मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. का फाडलं त्याचा खुलासा केल्याशिवाय चौथ्यांदा लिहिता येत नाही. खुलासा थोडा लांबेल. वकीलबाईंनी घड्याळाकडे बघू नये.

हे घर आणि खालचं दुकान आईवडिलांचं, पुढे माझ्या नावावर झालेलं. वडील लवकर गेले. धाकटा नोकरीसाठी परगावी गेला, मी आईपाशी राहिलो. चौदा वर्षांपूर्वी आई दोन महिने अंथरुणाला खिळून होती आणि मग गेली. धाकटा पोचला तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर पाचव्या दिवशी तो दुकानाच्या दारात उभा राहिला, चौकटीला हात लावून, आणि मला म्हणाला, "दादा, तू या घरात राहिलास, पण या घराचा कधी झाला नाहीस." ज्या माणसाने आईचं सगळं केलं त्याला हे. मी त्याला निघून जायला सांगितलं. तो गेला. चौदा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. पहिलं मृत्युपत्र त्या एका वाक्यावर उभं होतं.

या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने जिना बंद. मी वेळ घालवायला एक जुनी मालिका पहिल्यापासून बघायला घेतली, अकराशे चाळीस भाग. आई होती तेव्हा आम्ही सगळे ती बघायचो. दोन भाऊ, एक आई, एक घर, अशी गोष्ट. पहिल्या वेळी मी ती तुकड्यातुकड्यांनीच पाहिली होती, कारण मालिकेच्या वेळेला मी नेमका कुणाच्या तरी घरी सोफा पोचवायला गेलेलो असायचो. अर्धे भाग मी लोकांच्या दिवाणखान्यांत उभ्याने पाहिले आहेत. कुणाच्या घरात कोण कुठे बसून मालिका बघतं ते मला स्पंज दाबून कळतं. कोपऱ्यात बसणारा नेहमी तावातावाने बोलतो, का ते माहीत नाही. लोक मला पाणी द्यायचे आणि विचारायचे, तुम्हाला काय वाटतं, चूक कोणाची? मी न चुकता सांगायचो, धाकट्याची.

भाग सहाशे अकरा. मालिकेतला धाकटा भाऊ दारात येतो. चौकटीला हात लावतो. म्हणतो, दादा, तू या घरात राहिलास, पण या घराचा कधी झाला नाहीस.

मी मागे नेऊन परत पाहिलं. नंतर अकरा वेळा पाहिलं. शब्दाला शब्द तेच. हातसुद्धा तोच, उजवा.

तो भाग पहिल्यांदा कधी दाखवला होता, तेही शोधून काढलं. आई जाण्याच्या तीन आठवडे आधी. म्हणजे माझा भाऊ तसं काही बोललाच नाही आणि मी मालिकेतलं वाक्य त्याच्या तोंडी घालून चौदा वर्षं बसलो, असं असेल. किंवा तो बोलला, पण मालिकेतून उचलून बोलला. तसं असेल तर राग कोणावर धरायचा, त्याच्यावर की ज्याने ते लिहिलं त्याच्यावर? की मनातलं बोलायला त्याला दुसऱ्याचे शब्द लागले एवढंच? प्रत्येक शक्यतेला घराचं कलम वेगळं होत होतं. तीनदा फाडलं ते असं.

मी पत्नीला विचारलं. ती त्या दिवशी शेजारच्याच खोलीत होती. ती म्हणाली, "आवाज आला होता मला. पण तो भावजींचा होता की टीव्हीचा, हे आता शपथेवर विचारलंत तर नाही सांगता यायचं." टीव्ही त्या दिवशी चालू होता का, हेही तिला आठवत नाही. एकदाच बघायचं असं म्हणणाऱ्या माणसाचा साक्षीला काही उपयोग नसतो.

कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराने ही मालिका चार वेळा पाहिली आहे. जिना उतरता यायला लागल्यावर गोळ्या घ्यायला गेलो तेव्हा त्याला विचारलं की धाकटा खरंच वाईट होता का. त्याने चष्मा काढून पुसला आणि शांतपणे सांगितलं की तुमची ही दुसरीच वेळ आहे. तिसऱ्यांदा कोणीच दोषी वाटत नाही, चौथ्यांदा परत सगळे वाटतात. पाचव्यांदा बघायचं त्याला धाडस नाही. समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिकेचं मत असं की आईची भूमिका करणारी नटी बदलल्यापासून मालिकेला अर्थच उरला नाही. नव्या आईला त्यांनी शेवटपर्यंत आई मानलं नाही. मी म्हणालो, अहो, माझा प्रश्न वेगळा आहे. त्या म्हणाल्या, नाही, हाच आहे. मला तेव्हा काहीच कळलं नाही आणि आताही पूर्ण कळलं आहे असं नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. भाग पाचशे अठ्ठ्याण्णव मी पहिल्या वेळी पाहिलाच नव्हता. त्यात मालिकेतला थोरला भाऊ आई किती आजारी आहे ते धाकट्याला कळवत नाही. फोनवर नुसतं ठीक आहे म्हणतो. म्हणजे सहाशे अकरामधलं ते वाक्य उगाच आलेलं नव्हतं. एवढी वर्षं मी लोकांच्या घरी उभा राहून ठाम मत दिलं ते एक भाग न बघता. मीसुद्धा धाकट्याला फोनवर ठीक आहे असंच सांगत होतो. आईला काय झालंय ते शेवटच्या आठवड्यात सांगितलं. हे मी कुठून शिकलो नव्हतो, कारण तो भाग मी पाहिलेला नव्हता.

शेवटी पत्नीनेच माझ्या परस्पर धाकट्याला फोन केला. तो एका गुरुवारी आला. केस सगळे पिकलेत. सोफ्यावर बसला नाही, कामाच्या स्टुलावर बसला. मी तब्येतपाणी न विचारता थेट विचारलं, तू ते वाक्य बोललास का?

"म्हटलं असेन, दादा. नसेनही. तेव्हा मीही तीच मालिका बघायचो."

मला वाटलं, झालं, यालाही माहीत नाही. मग आपण दोघं कशावर भांडलो? मी जवळजवळ हसलोच. पण तो हसत नव्हता.

"तू काय बोललास ते मात्र मला आठवतं," तो म्हणाला. "मी विचारलं, आई माझ्याबद्दल काही बोलली का. तू म्हणालास, तिने शेवटपर्यंत तुझं नावही काढलं नाही."

त्याने पुढे सांगितलं की हे त्याने चौदा वर्षं खरं मानलं. मुलीलासुद्धा त्याने सांगितलं होतं की आजी मला विसरून गेली होती.

मी म्हणालो, हे वाक्यही मालिकेतलंच असणार. तू थांब, मी शोधतो. हे मृत्युपत्र मध्ये दोन महिने पडून राहिलं त्याचं कारण हे. मी परत पहिल्या भागापासून बसलो, वेग वाढवून, हातात कागद आणि पेन्सिल घेऊन. पत्नी म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. मालिकेत आया रडतात, पोरं रागावतात, एक काकू तर सत्तर भाग नुसती टोमणे मारते. तरी ते वाक्य कोणी बोलत नाही. जुनी आई असताना नाही, नवी आल्यावरही नाही. शिलाईवाल्या बाईंना विचारलं, शिक्षिकेला विचारलं. औषध दुकानदाराने दुकानात गिऱ्हाईक उभं असताना डोळे मिटून सगळं आठवून पाहिलं आणि सांगितलं, अशी ओळ असती तर ती मला पाठ असती.

ते वाक्य माझं आहे.

कलम ५. वरील खुलाशानंतर घराची व्यवस्था अशी. पत्नी हयात असेपर्यंत घर आणि दुकान तिचं. तिच्या पश्चात सगळं माझ्या धाकट्या भावाचं, आणि तो नसल्यास त्याच्या मुलीचं. सहाशे अकरामधलं वाक्य तो बोलला की नाही याचा या कलमाशी संबंध नाही. ते मला कधीच कळणार नाही, आणि वकीलबाईंनी कितीही समजावलं तरी त्याचा गोंधळ माझ्या डोक्यातून जाणार नाही. तो माझ्याबरोबरच जाऊ दे.

कलम ६. आता जे लिहितो ते मालमत्तेबद्दल नाही. मृत्युपत्रात अशी विधानं करत नाहीत, असं वकीलबाईंनी सांगितलं. पण शपथेच्या कागदावर लिहायची माझी ही एकच वेळ आहे. मी लिहून देतो की आईने माझ्या धाकट्या भावाचं नाव काढलं होतं. दोन महिने मी तिला उचललं, पुसलं, भरवलं, आणि ती विचारायची त्याच्याबद्दल. मला ते सोसलं नाही. मी थकलो होतो, पण नुसता थकलो होतो म्हणून बोललो नाही, त्याला लागावं म्हणून बोललो. हे मी कुठे पाहिलेलं नाही, कोणी मला सांगितलेलं नाही, आणि याबद्दल माझ्या मनात कसलाही घोळ नाही.

कलम ७. मृत्युपत्र मेल्यानंतर उघडतात. कलम ६ तोवर थांबू शकत नाही. म्हणून आज सह्या होताना ते धाकट्यासमोर मोठ्याने वाचावं. त्याला घर मिळत असल्याने त्याला साक्षीदार करू नये, असं वकीलबाई म्हणतात. त्याने नुसतं बसावं.

वाचन झाल्यावर माझ्या हाताने जोडलेला मजकूर: वकीलबाईंनी कलम ६ वाचलं. धाकट्याने ते पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती वेळा विचारायची?"

मी म्हणालो, "रोज."

हा मजकूर साक्षीदारांच्या देखत लिहिला आहे आणि तो मृत्युपत्राचाच भाग समजावा.

स्थळ: दुकानाच्या वरची पुढची खोली
दिनांक: चौदा ऑक्टोबर, दुपारी चार वाजता

लिहून देणार: (सही) सोफे दुरुस्त करणारा

साक्षीदार १: (सही) औषध दुकानदार, कोपऱ्यावरचं दुकान. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: (सही) निवृत्त शिक्षिका, समोरचं घर. माझ्याही समोर केली. सही करताना त्यांचा हात थांबला होता, कारण त्यांच्या भावाने तो धरला होता. दबाव नव्हता, असं माझं मत आहे.