आचोलबाईला आईचा निरोप

धावडा, ता. भोकरदन
८ सप्टेंबर २०२४

ती. अंगददादास मोनिकाचा सा. न.

वर श्री लिहिला न्हाई. आबांचा दहावा काल झाला. अग्नी मीच दिला. फोन तू लगेच ठेवलास, म्हणून लिहून राह्यले. आई नीट जेवत न्हाई. एकच विचारते, बातमी कळली तेव्हा माझ्या लेकराजवळ तिकडं कोणी होतं का. तिला बराबर उत्तर लिही. जिवाला जप, आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी मोनिका

बोर, दक्षिण सुदान
१९ सप्टेंबर

चि. मोनिकास अनेक आशीर्वाद. ती. आईस शि. सा. न.

आईला सांग, होतं कोणीतरी. मंग पुढचं वाचून दाखवायचं की न्हाई, ते तू ठरव.

आमच्या शांतिसेनेनं चालवलेल्या गुरांच्या दवाखान्यात आचोल नावाची म्हातारी तिची गाय घेऊन येते. दुभाष्यानं तिला आबा गेल्याचं सांगितलं. ती गाय सोडून माझ्याजवळ बसली आणि माझं डोकं तिनं खांद्यावर ओढून घेतलं. इकडं पाठवण्याआधी आम्हाला इथल्या रीतीभाती शिकवल्या होत्या. कोणाला कसा रामराम करायचा, आणि बायकांपासून अंतर ठेवायचं. समोर साहेब उभे होते. मी झटकन बाजूला सरकलो. तिनं स्वतःचे हात बघितले, अंगावरच्या कापडाला पुसले, आणि औषध न घेताच गाय घेऊन गेली.

काल ते शिक्षण कितपत कामी आलं, हे विचारायला दिल्लीहून अधिकारी आल्ते. मी म्हणालो, रामराम कामी आला. मंग आचोलबाईचंही सांगितलं. नियम बराबर पाळलास म्हणून त्यांनी मला शाबासकी दिली.

तुझा दादा

धावडा
२ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

सगळं वाचून दाखवलं. आई म्हणाली, त्या बाईला जाऊन सांग, तुझे हात चांगले होते, माझं लेकरूच भेदरलं होतं. लहानपणी करडांना कवटाळून झोपणारा तू, आणि तू सरकलास, याचंच तिला नवल वाटलं. जल्दी जा. आठवण ठेव.

तुझी मोनिका

बोर
२१ ऑक्टोबर

चि. मोनिकास आशीर्वाद.

दुभाष्याला घेऊन गेल्तो. पुराचं पाणी चढलं, म्हणून ती गुरं घेऊन लांब उंचावर निघून गेली. कुठं, ते कोणाला ठाऊक न्हाई. ती रागावली नव्हती. जाताना वस्तीला सांगून गेली, की त्या पोराच्या मुलखात बाप गेलेल्याला शिवत न्हाईत, माझी चूक झाली, तुम्ही करू नका.

आता वस्तीतली माणसं मला बघून लांबूनच छातीला हात लावून रामराम करतात. लेकरं जवळ आली, तर बाया त्यांना मागं ओढतात. तसं काही न्हाई, असं सांगून बघितलं. त्यांना वाटतं, मी भिडेखातर बोलतो.

आईला एवढंच सांग, की निरोप पोचला. माझ्यासाठी एवढं खोटं बोल. दोघी जेवत जा, आणि मला अंतर देऊ नका.

तुझा दादा,
अंगद